म्हातारीवरची पहिली उडी

मिशिगनच्या आमच्या या वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठाने, लोखंडाच्या खाणींची लहान लहान गावं आहेत आणि प्रत्येक गावाने कोणी ना कोणी नावाजलेला खेळाडू दिलाय. कुठे हॉकीचा गोलरक्षक, कुठे पहिलवान. पण आमची खरी शान म्हणजे स्कीवरून उडी मारणारे. आमच्या रेडस्टोनमध्ये पोर चालायला लागलं की पुढच्या हिवाळ्यात त्याच्या पायांत स्की असायच्या.

मी स्वतः कधी उडी मारली नाही. मी क्लॅरेन्स ट्रेलोर, खाणीच्या गोदामात कारकून. मला उंचीवर चक्कर येते. म्हणून स्पर्धेच्या दिवशी मी खाली, उताराच्या कडेला उभा राहायचो. उडी मारणाऱ्याचे पाय बर्फाला कुठे टेकले ते बघायचं आणि हात वर करून आकडा सांगायचा. असे सात-आठ जण आम्ही उतारावर ओळीने उभे असू. सत्तावीस वर्षं मी हे काम केलं. आयली कांतोलाच्या उड्या माझ्याइतक्या कोणीच पाहिल्या नसतील, आणि गंमत म्हणजे तिच्या एकाही उडीचा आकडा कुठे लिहिला गेला नाही.

उड्यांच्या टेकडीला आम्ही म्हातारी म्हणतो. टेकडीच्या माथ्यावर लाकडी मनोरा, त्याला तीनशे चार पायऱ्या. वरून घसरत यायचं, टोकावरून हवेत झेप घ्यायची आणि खालच्या उतारावर उतरायचं. स्पर्धा सुरू होण्याआधी कोणीतरी एक चाचणीची उडी मारतो. बर्फ कसा आहे, वारा कुठून येतोय, हे त्याने सांगायचं. ते काम आयलीचे वडील एइनो कांतोला करत. खाणीच्या धुळीने त्यांची छाती धरली, पायऱ्या चढवेनात, तेव्हा आयलीने ते काम घेतलं. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. बाईमाणसाला स्पर्धेत उतरायची मुभा नव्हती. चाचणीबद्दल मात्र नियमात काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. आठवडाभर ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला चोंगा लावून बसायची आणि रविवारी म्हातारीवर सगळ्यांच्या आधी उडी मारायची.

मी सांगतोय ते एकोणीसशे एकोणसाठच्या फेब्रुवारीचं. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा रेडस्टोनला आली होती. पहिले दोघे पुढच्या हिवाळ्यातल्या ऑलिंपिकच्या संघात जाणार होते. आमची सगळी भिस्त ऑर्व्हो लात्वालावर होती. सत्तावीस वर्षांचा, खाणीत सुरुंगाची भोकं पाडणारा, बोलायला कंजूष. त्याची दुसरी उडी नेहमी पहिलीपेक्षा सरस असे. दोन उड्यांची बेरीज धरली तर त्याला हरवणारा त्या वर्षी देशात कोणी नव्हता.

सकाळपासून गाड्यांची रांग लागली. लोक गाड्या टेकडीच्या पायथ्याशी लावून आतच बसतात आणि उडी आवडली की हॉर्न वाजवतात. दहा-बारा हजार माणूस असेल. मुख्य पंच पूर्वेकडून आले होते. व्हिटलॉक नाव. लांब कोट, करडे हातमोजे, वेळेचे एकदम पक्के.

बारा वाजता आयलीने उडी मारली. टोकावरून सुटली तेव्हा ठीक होती. माझ्यासमोर येताना मात्र तिची डावी स्की एकदम उचलली गेली, अंग वाकडं झालं, आणि ती एकशे चाळीस फुटांवरच उतरली. एरवी ती दोनशेच्या खाली कधी उतरत नसे. ती स्की काढून तडक पंचांच्या चौकीत गेली. चौकी माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, आत्ता कोणाला सोडू नका," ती म्हणाली. "टोक ओलांडलं की डावीकडून वारा येतोय. सरोवरावरून. सलग नाही, थांबून थांबून."

व्हिटलॉक यांनी मनोऱ्याकडे बोट दाखवलं. "वरचं निशाण बघा. लोंबतंय नुसतं."

"वर नाहीच आहे वारा. झाडांमधल्या खिंडीतून येतो. जिथे येतो तिथे निशाण नाही."

"मिस, तुम्ही डगमगलात. हरकत नाही. वर जाणारे सगळे पुरुष आहेत, सरावलेले आहेत."

"मीही सहा वर्षं सरावलेय."

त्यांनी आम्हा मोजणाऱ्यांकडे वळून विचारलं, "खाली वारा आहे का?"

आता कबूल करतो. माझ्या डाव्या गालाला मधूनमधून वाऱ्याचा सपकारा बसत होता. पण इतका मोठा माणूस, मागे दहा हजार लोक ताटकळलेले. मी म्हणालो, "थोडासा आहे, साहेब. नेहमीसारखाच." बाकीचे काहीच बोलले नाहीत. आयलीने माझ्याकडे एकदा पाहिलं.

व्हिटलॉक यांनी चौकीतला, मनोऱ्याला जोडलेला फोन उचलला. "एक नंबर सोडा."

एक नंबर म्हणजे वॉल्टर सोडरमन, आमच्या शाळेत गणित शिकवणारा, चष्मेवाला. वरून उत्तर आलं ते व्हिटलॉक यांनीच मोठ्याने उच्चारलं, कारण त्यांना कळेना. "'एक नंबर विचारतोय, आयली काय म्हणाली?' ही आयली कोण?"

"मी," आयली म्हणाली.

"त्याला सांगा, जायचं."

"मी नाही सांगणार तसं."

वॉल्टर जागचा हलला नाही. दोन नंबर हलला नाही. तीन नंबर व्हरमाँटचा होता, आमच्या ओळखीचाही नाही. तोही म्हणाला म्हणे, "टेकडी यांची आहे. हे जात नाहीत तर मी कशाला मरू?" व्हिटलॉक यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी फोनवर बजावलं की पाच मिनिटांत उडी मारली नाही तर एकेक नंबर बाद होईल.

गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. शाबासकीचे नव्हेत, चिडल्याचे.

मग ऑर्व्हो खाली येताना दिसला. तीनशे चार पायऱ्या, खांद्यावर स्की. सावकाश आला, चौकीपाशी स्की बर्फात रोवल्या आणि टोपी काढली.

"साहेब, बाद करायचं तर आम्हा सगळ्यांना एकदम करा. मग कप कुणाला द्यायचा ते ठरवा."

"लात्वाला, तुमचं काय पणाला लागलंय माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"एका टेलिफोनवालीच्या शब्दावर?"

"हो. तिच्याच," ऑर्व्हो म्हणाला.

व्हिटलॉक यांनी घड्याळ पाहिलं, निशाण पाहिलं, आणि आयलीला म्हणाले, "ठीक आहे. मग कधी जायचं ते कळणार कसं?"

"मी परत जाऊन बघते."

"आत्ताच म्हणालात धोका आहे."

"म्हणूनच तर. कोणीतरी गेल्याशिवाय कळणार कसं?"

तिने स्की उचलल्या आणि पायऱ्यांकडे गेली. एइनोकाका गाडीत बसून होते, छातीला लोकरी शाल गुंडाळलेली. ती त्यांच्या काचेपाशी क्षणभर थांबली. काकांनी काच खाली करून काहीतरी सांगितलं. नंतर मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "काय सांगणार? टाच खाली ठेव म्हटलं."

दीड वाजता तिने दुसरी उडी मारली. या वेळी वारा तिला अगदी माझ्या डोक्याजवळ घेऊन आला. मी मागे सरलो. एका पायावर उतरली, दुसरा पाय हवेतच, तशीच वीस-पंचवीस फूट घसरत गेली आणि कसाबसा तोल सावरला. ओठ फुटला होता. चौकीकडे बघून तिने नकाराचा हात केला. हॉर्न थांबले. एका गाडीतून बाई उतरून रडायला लागली, कोण होती कोण जाणे.

व्हिटलॉक एवढंच म्हणाले, "पण पडली तर नाही." त्यांचंही खोटं नव्हतं. पडली नव्हती.

लोकांनी थर्मासमधली कॉफी संपवली, मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या संपवल्या, काही गाड्या निघून गेल्या. पावणेतीनला ती तिसऱ्यांदा चढली. मी मोजत होतो, नऊशे बारा पायऱ्या झाल्या तिच्या. तिसरी उडी सरळ आली, दोरी ताणावी तशी. दोनशे तीस फूट. माझा हात आपोआप वर गेला, आणि मग आठवलं की हा आकडा कोणाला नको आहे.

"आता सोडा," ती म्हणाली.

त्यानंतर चव्वेचाळीस जणांनी उड्या मारल्या. एकही पडला नाही. पण पाच वाजता उजेड गेला आणि दुसरी फेरी रद्द झाली. एकाच उडीवर निकाल लागला. ऑर्व्हो तिसरा आला. अर्ध्या गुणाने.

त्या आठवड्यात गावात दोन तट पडल्यासारखं झालं. बेकरीत एक जण म्हणाला, "झालं काही? एवढ्या उड्यांत कोणाला खरचटलं तरी का?" दुसरा म्हणाला, "पोरीने ऑर्व्होचं ऑलिंपिक खाल्लं." आयलीला हे फोनच्या तारांवरून रोज ऐकू येत असणार. तिच्याशी बोलताना लोक फक्त नंबर सांगत आणि गप्प होत. गुरुवारच्या सरावालाही पहिली उडी तिचीच असे; त्या गुरुवारी ती आली नाही. म्हातारीवर पोरं खोळंबून राहिली आणि घरी गेली.

शनिवारी दुपारी ऑर्व्हो माझ्या दारात आला. "गाडी काढ. कांतोलांकडे जायचंय."

एइनोकाका स्वयंपाकघरात बसले होते, दातांत साखरेचा खडा धरून बशीतून कॉफी पीत. आयली वेलदोड्याचा पाव कापत होती. ओठावरची खपली अजून होती. तिने आम्हाला पाव वाढला, पण वर पाहिलं नाही.

"गुरुवारी कुठे होतीस?" ऑर्व्होने विचारलं.

"दुसरा कोणीतरी बघा आता."

"कोण? क्लॅरेन्स?"

काका खो खो हसले आणि हसण्याचा खोकला झाला.

आयलीने सुरी खाली ठेवली. "खरं सांग. तू वर होतास. तुला काय वाटलं होतं त्या दिवशी?"

ऑर्व्होने कॉफीचा कप खाली ठेवला. "मला वाटलं तू चुकतेयस. निशाण हलत नव्हतं. गालाला वारा नव्हता. मला वाटलं, आत्ता गेलो तर अडीचशेच्या पुढे जाईन."

"मग गेला का नाहीस?"

"त्या दिवशी मी गेलो असतो तर पुढच्या वेळी तू नाही म्हणालीस की कोणी थांबलं नसतं. अशा सहा-सात वेळा तरी येतील अजून. त्यातल्या एखाद्या वेळी वर माझाच भाचा असेल."

"आणि ऑलिंपिक?"

"वाईट वाटतं ना. वाटणारच. रोज पहाटे उठल्यावर वाटतं." त्याने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "पण ते तुझ्यामुळे वाटत नाही."

मग मला राहवेना. मी सांगून टाकलं की वारा मला लागत होता, चांगला लागत होता, आणि मी साहेबासमोर शेपूट घातली. सांगताना माझी मान वर होत नव्हती.

"माहीत आहे," आयली म्हणाली. "तुझी टोपी दोनदा उडाली होती. मी दोन्ही उड्यांत वरून येताना पाहिली."

"मग काही बोलली का नाहीस?"

"तुझी साक्ष काढून काय करू? तुला नोकरी आहे, चार पोरं आहेत." मग तिने सुरी परत उचलली. "पण पुढच्या वेळी बोल."

"उद्या दहा वाजता," ऑर्व्हो उठत म्हणाला. "उतारावरचा बर्फ तुडवून घट्ट करायला मी आठलाच येतो."

"साडेसातला ये," ती म्हणाली. "रात्री नवा पडणार आहे."

त्यानंतर एकोणीस हिवाळे तिने ते काम केलं. लग्न झालं, दोन मुली झाल्या, त्या वेळचे हिवाळे सोडून. तिने नाही म्हटलं की आम्ही मोजणारे आधी मान डोलवायचो, मी सगळ्यात आधी. आणखी पाच वेळा तिने स्पर्धा थांबवली. दोनदा ती साफ चुकली आणि तसं चारचौघांत म्हणालीही. तिच्या काळात म्हातारीवर हातपाय मोडले, पण माणूस एकही गेला नाही. शेजारच्या दोन टेकड्यांवर गेले.

ऑर्व्होला ऑलिंपिक पुन्हा मिळालं नाही. पुढच्या निवडीच्या वेळी त्याचा गुडघा गेला होता. तरी आमच्या भागातल्या नामवंत खेळाडूंच्या सभागृहात त्याचा फोटो लवकरच लागला. एक्काहत्तर सालापासून मीही त्या सभागृहाच्या निवड समितीवर होतो. बऱ्याच वर्षांनी आयलीचं नाव पुढे आलं तेव्हा एक सभासद म्हणाला, "अहो, पण त्यांच्या नावावर एकही स्पर्धा नाही. एक आकडा नाही. खाली लिहायचं काय?"

ऑर्व्हो त्या बैठकीला पाहुणा म्हणून आला होता. तो उभा राहिला. सभेत बोलायची त्याला सवय नव्हती, खुर्चीची पाठ धरून बोलला.

"माझे कप एकसष्ट आहेत. आपल्या भागातल्या या भिंतीवरच्या सगळ्यांचे मिळून किती असतील, तुम्ही मोजा. त्यातला जो जो म्हातारीवर मिळाला, तो मिळवताना आम्ही वर उभे होतो तेव्हा ही बाई आधीच खाली पोचलेली होती. आम्हाला माहीत होतं की उतरता येतं. तिला ते माहीत नसायचं."

मतदान एकमताने झालं. सन्मानाच्या जेवणाच्या दिवशी आयली निळ्या पोशाखात आली, केस पांढरे झालेले, पाठ ताठ. सगळे उभे राहिले. तिने हाताने बसायची खूण केली आणि म्हणाली की जेवण गार होतंय. मग एवढंच म्हणाली की वडिलांनी तिला शिकवलं, आणि ऑर्व्होने तिला काम सोडू दिलं नाही, आणि आता मुलींना स्पर्धेत उतरू देतात हे चांगलं झालं, फार उशिरा झालं पण चांगलं झालं.

खाली बसल्यावर तिने मला विचारलं, "ती तिसरी उडी, त्या दिवशीची. किती होती रे? मला कधी कोणी सांगितलंच नाही."

"दोनशे तीस," मी म्हणालो.

"बरी होती," ती म्हणाली, आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.