बिनडागाची जीप

"कांते, मोजू नको," आबा म्हणाले.

पण मी सुरू केलं होतं. बावीस, तेवीस, चोवीस.

जीप पाणपोईसमोर उभी होती. आबांनी उभी केली नव्हती, तीच राहिली होती. लालबागहून परळकडे जाताना गिरणीची लांबच लांब भिंत लागते. तिच्या पोटाशी एक दगडी पाणपोई आहे. माठ केव्हाच फुटलाय, नुसता कट्टा उरलाय. तिथं आली की आमची जीप एक उचकी द्यायची आणि गप्प व्हायची. परळकडे जातानाच. येताना कधीच नाही. पाऊस असो की ऊन, त्यानं फरक पडत नसे. जाताना, रोज.

मागून व्हिक्टोरियावाला ओरडला, "ओ डायवर! गाडी ढकलू की ओवाळू?"

आबा हात मांडीवर ठेवून बसले होते. चावीला शिवतसुद्धा नव्हते. एकशे आठ, एकशे नऊ, एकशे दहा. मग त्यांनी स्टार्टर दाबला आणि जीप पहिल्या झटक्याला सुरू झाली. निघताना मागची बाजू किंचित खाली दबली, कुणी चढून बसलं की दबते तशी. मागं कुणीच नव्हतं. माझ्या दप्तराशिवाय काही नव्हतं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खरं सांगते, मला तो आवडायचा! कारण मागं कोण चढलं ते मला ठाऊक होतं.

दगडू.

गेल्या साली जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही असं झालं, तेव्हा सगळी गिरणगावची माणसं रस्त्यावर आली आणि गोळीबार झाले. त्यातल्या एका दिवशी आबा खिडक्यांच्या बिजागऱ्या घेऊन अँटॉप हिलला चालले होते. पाणपोईपाशी चौघांनी जीप अडवली. त्यांच्या हातांवर दगडू होता. बावीस वर्षांचा, गिरणीत बदली कामगार, पोटात गोळी. आबांनी त्याला मागच्या सीटवर घेतलं आणि दगडधोंड्यांतून, बंद रस्त्यांतून जीप थेट इस्पितळात नेली. संध्याकाळी तो गेला. पण नेलं कुणी? आमच्या आबांनी! चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत त्या दिवसापासून आबांना नळावर कुणी रांगेत उभं राहू देत नसे.

या वर्षी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी हेच बोलले. शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं: "ती जीपसुद्धा हुतात्म्यासाठी त्या जागी दोन मिनिटं स्तब्ध उभी राहते!" असा कडकडाट झाला टाळ्यांचा, की मला पहिला नंबर जाहीर व्हायच्या आधीच कळला. त्यानंतर आठवडाभर मी शेजारी मीठ मागायला गेले तरी भाषणासारखी जायची.

आबांनी बक्षिसाचा पेला हातात घेतला, उलटा करून बूड पाहिलं. "कशावर बोललीस?" मी सांगितलं. त्यांनी पेला फळीवर ठेवला आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धुतले.

आबा मिलिटरीत होते, ब्रह्मदेशात चिखलातून ट्रक हाकलेले. आम्ही डिसेंबरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. घरात भूत हा शब्द काढायचा नाही. कुणी काढला तर आबा म्हणायचे, "कार्बोरेटर हाय." कुशाबा मिस्त्रीनं तो कार्बोरेटर तीनदा उघडला, फुंकला, लावला. तिसऱ्यांदा तो हात पुसत म्हणाला, "रामजी, गाडी नवीकोरी. दोष तिच्यात न्हाय." दोष कुणात ते बोलला नाही. आईनं एक दिवस चोरून बंपरखाली लिंबू-मिरची बांधली. आबांनी ती सोडली आणि लिंबू आणून आमटीत पिळलं. आई त्या दिवशी आमटी जेवली नाही.

आरशाचं मात्र कुणी काही बोलत नसे. जीपचा मागचं दाखवणारा आरसा आबांनी वर फिरवून ठेवला होता. त्यात नुसतं छताचं कापड दिसायचं.

जीप आमची नव्हती, कंत्राटदार चिंतामणराव साहेबांची होती. अँटॉप हिलला सरकारी घरं बांधताना गुडघाभर चिखल असायचा, म्हणून त्यांनी चारी चाकं ओढणारी ही गाडी घेतली. आता घरं उठली, डांबरी रस्ता झाला. जीप जेमतेम सव्वा वर्षाची. साहेबांच्या मनात आलं, ती देऊन तिच्या बदल्यात चांगली मोटार घ्यावी. पण ठाण्याच्या पुढं डोंगरात नवं काम मिळायचंही चाललं होतं, तिथं जीपच लागणार. शेवटी त्यांनी आबांनाच विचारलं, "रामजी, गाडी तुझ्या हातातली. तू ठेवा म्हणालास तर ठेवतो. द्या म्हणालास तर रविवारी रमाकांत दलाल येतो बघायला." मोटार आली तर ती त्यांचा पुतण्या माधव चालवणार, हेही त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे जीप राहिली तर आबांची नोकरी राहणार. गेली तर दोन्ही जाणार.

शनिवारी आबांनी घरी सांगितलं. "मी द्या म्हणून आलोय."

आईच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. "यडं लागलं का काय तुमास्नी? चांगलं चाललंय ते..."

"मीरा, गाडी जाऊ दे."

"आबा, ती काय नुसती गाडी आहे?" मी उसळलेच. "ती दगडूची जीप आहे! लालबागची आहे! माझ्या..." माझ्या भाषणाची आहे, असं म्हणणार होते. सुदैवानं जीभ आवरली.

"साहेबांची हाय," आबा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

मी कसली ऐकतेय! रविवारी सकाळी उठले ती तडक लालबागला, आनंदीबाईंकडे. दगडूची आई. दर महिन्याला, तो गेला त्या तारखेला, त्या आमच्या चाळीपुढं यायच्या, जीपच्या मागच्या सीटवर बसायच्या, रेक्झिनवर तळहात पसरून ठेवायच्या. हळूच विचारायच्या, "जेवलंस मा?" आणि उत्तर ऐकू येईल एवढा वेळ थांबायच्या. मग, "बरां, बरां," म्हणायच्या. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी जिन्यावर खिळून राहिले होते. पहिले चार महिने त्या आमच्या घरचं पाणी प्यायल्या नाहीत. पाचव्या महिन्यात त्यांनी स्वतःच मागितलं.

"मावशी, जीप विकतायत. आज."

त्या तांदूळ निवडत होत्या. सूप तसंच खाली ठेवलं. "माझ्या झिलाची जागा इकतले? चल गो चेडवा."

आम्ही चाळीपुढं पोचलो तेव्हा रमाकांत दलाल जीपभोवती फिरत होता. टायरवर लाथ मारून झाली होती, खाली वाकून झालं होतं. चिंतामणराव साहेब धोतराचा सोगा धरून बाजूला उभे होते. आबा बॉनेटपाशी, कपड्यानं हात पुसत. हात स्वच्छच होते.

"काय गाडी ठेवलीय राव!" दलाल मागच्या सीटवर बोट फिरवत म्हणाला. "साहेब, सीट बघा. एक डाग नाही! परवा शोरूममधून काढलीय म्हटलं तर कुणीबी मानेल. गाडी बदलायची तर हीच वेळ. आणखी वर्ष थांबलात तर हातात काय येणार?"

मी पुढं झाले. गळा साफ केला. भाषण तयार होतं.

पण आनंदीबाई माझ्याआधी बोलल्या. "एक डाग नाय," त्या म्हणाल्या. विचारल्यासारखं नाही, पाढा म्हटल्यासारखं. "मी दर म्हयन्याक हात लावतंय, रामजी. माका ठावक आसा. माझ्या झिलाचा रगत हडे सांडलेला. तां कोणी धुतल्यान, ह्यां विचारूक माका धीर नाय झालो. आज विचारतंय. तूच धुतलंस?"

साहेब म्हणाले, "रामजी, बाई काय विचारतायत?"

"नाही धुतलं," आबा म्हणाले. "धुवायला लागलंच नाही."

चाळीच्या नळावर कुणीतरी बादली लावलेली होती. तिचा आवाज तेवढा येत होता.

"सीट नवी होती. महिन्याची गाडी. डाग पडू द्यायचा नाही असा हुकूम..." ते साहेबांकडं बघून थांबले. "नाही. हुकमाचं कशाला बोलू. हात माझे होते. चौघं त्याला धरून हुभे होते पाणपोईपाशी. ठेवा म्हणायचं, तर मी म्हणालो, थांबा. म्हणालो, जरा थांबा."

आणि ते बोलता बोलता त्यांचे हात उठले. मी ते कधी विसरणार नाही. "हत्याराची पेटी उघडली. जॅकखाली गोणपाट होतं. जॅक काढला, खाली ठेवला. गोणपाट वढलं. झटकलं, त्यात खिळे असतात म्हणून. सीटवर टाकलं. डावीकडनं कमी पडलं, म्हणून काढून आडवं टाकलं..." हवेत काहीच नव्हतं, आणि आबा ते नसलेलं गोणपाट त्या कोऱ्या सीटवर पसरत होते. टोक ओढत होते. सुरकुती काढत होते. पाठीमागं खोचत होते.

मी मोजत होते. मला मोजायचं नव्हतं! आतून कुणीतरी मोजत होतं आणि माझे ओठ हलत होते. साठ. सत्तर. आबा घाई करत नव्हते, थांबतही नव्हते. नव्वद. शेवटचा कोपरा त्यांनी तळहातानं दाबून बसवला.

"मग म्हणालो, ठेवा."

एकशे दहा.

दोन मिनिटं स्तब्ध. टाळ्यांचा तो कडकडाट मला आठवला. दलालानं सीटवरचं बोट उचललं आणि ते शर्टाला पुसलं.

"तेवढ्यान तो वाचलो आसतो?" आनंदीबाईंनी विचारलं.

"डाक्टर म्हणाले नसता वाचला. मला काय ठाऊक, बाई." आबांचा आवाज पार खाली गेला होता. "तो शुद्धीवर होता. मी कोपरा नीट करत होतो नि तो माझ्याकडं बघत होता."

साहेबांनी मान खाली घातली. आनंदीबाई जीपच्या कडेला धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या आबांना मारणार. त्यांनी मारावं असंही वाटलं. आणि मारू नये असंही.

"तां गोणपाट खंय आसा?"

आबा मागं गेले. पेटी उघडली, जॅक काढला, खाली ठेवला. त्याच्या तळाशी वर्तमानपत्रात बांधलेलं एक बोचकं होतं. "टाकवलं नाही," ते म्हणाले. "धुववलंबी नाही."

आनंदीबाईंनी कागद सोडला. गोणपाट ताठ झालेलं होतं, मधोमध काळं. वर्षभर ते आमच्या पाठीशी होतं. मी त्याच्यावर दप्तर ठेवून शाळेत जात होते. त्यांनी ते डोळ्यांना लावलं नाही की रडल्या नाहीत. त्या काळ्या जागेवर तळहात ठेवला. "त्या गर्दीत माका त्याची चप्पलसुद्धा गावली नाय," त्या म्हणाल्या. मग तान्ह्या पोराचं दुपटं घालतात तशी त्याची घडी घातली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. आबा बघत होते. घडी काखेत घेऊन त्या निघाल्या. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या थांबल्या, दोन घोट प्यायल्या, आणि वळून जीपकडं न बघता गेल्या.

"द्या साहेब गाडी," आबा म्हणाले. "फकस्त घेणाऱ्याला सांगा, डाग हाय."

"कुठंय?" दलाल चिडला. "दाखवा ना!"

आबांनी दाखवला नाही. साहेब म्हणाले, "आणि तुझं काय, रामजी? ठाण्याचं काम आलं तर..."

"माधवराव हायत की."

दुपारी गाडी परळापलीकडे, हिंदमाता थेटराच्या पुढं दलालाच्या आवारात पोचवायची होती. मी म्हटलं मी येते, आणि आबा नको म्हणाले नाहीत. गिरणीची भिंत सुरू झाली. मी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला. पाणपोई आली.

उचकी नाही. काही नाही. जीप गुरगुरत सरळ पुढं गेली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मागं कुणीतरी धावत येतंय आणि आम्ही त्याला टाकून चाललोय, असंच वाटलं.

वीसेक पावलांवर आबांनी ब्रेक दाबला. मागं बघून जीप हळूहळू मागं घेतली, थेट त्या कट्ट्यासमोर आणली. इंजिन बंद केलं. चावी काढून मुठीत धरली. मग दुसऱ्या हातानं आरसा खाली ओढला आणि सरळ केला.

ते आरशात बघत बसले. मागून एक ट्रक हॉर्न वाजवायला लागला, मग आणखी एक.

मी मोजलं नाही.