निम्म्या हप्त्याचं घर

सहा आकडे माझ्या फोनवर आले होते आणि समोर बसलेले दोघे भाऊ मी ते कधी वाचून दाखवते याची वाट बघत होते.

“सांगा वहिनी,” भावजी म्हणाले. “ओटीपी मागतोय, किडनी नाही.”

नवरा हसला. मीही हसल्यासारखं केलं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. विम्याचे एजंट. बोलण्यात असे गोड की समोरच्याला सही केल्याचं घरी गेल्यावर आठवावं. आमच्या घराच्या आणि घरातल्या सामानाच्या जुन्या पॉलिसीची मुदत आज रात्री संपत होती आणि घर माझ्या नावावर, म्हणून ओटीपी माझ्या फोनवर. माझ्याकडे दोन कोटेशनं होती. एक मी स्वतः एका कंपनीला फोन करून मिळवलेलं. दुसरं भावजींचं, त्याच्या जवळजवळ निम्म्या हप्त्याचं. घर तेच, सामान तेच, विम्याची रक्कम तीच. आग, चोरी, फुटलेला नळ, सगळं दोन्हीकडे सारखं. दोन दिवस मी ते कागद शेजारीशेजारी ठेवून वाचत होते. दोन दुकानांत दर वेगळे असतात, मान्य. पण निम्म्या दरात कोणी भाजी द्यायला लागला की मी जुडी उलटी करून आतली पानं बघते.

“भावजी, एक विचारू?”

“दहा विचारा. फक्त हा ओटीपी पाचच मिनिटं जगतो.”

“एवढं स्वस्त कसं?”

“घरचा माणूस आहे म्हणून.”

“कंपनीला काय माहीत तुम्ही आमच्या घरचे आहात?”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. लग्नाला चार वर्षं झाली की असल्या बघण्याचा अर्थ विचारावा लागत नाही. आता पुरे, असा तो होता.

“अगं, त्याचा धंदा आहे तो,” तो म्हणाला. “ती दुसरी कंपनी लुटायलाच बसलीय. आणि तुला शिकल्याचा एक त्रास आहे, स्वस्त मिळालं की झोप लागत नाही.”

“तुम्ही कंपनीचे प्रश्न भरलेत ना भावजी, ते वाचून दाखवता? उत्तरांसकट.”

भावजींनी टॅब जवळ ओढला आणि रेल्वेच्या घोषणेसारखं वाचायला सुरुवात केली. “छप्पर, पक्कं. दारांना कुलपं, आहेत. आधी कधी क्लेम, नाही. घरात काही व्यवसाय, नाही. पेट घेईल असं काही सामान, नाही. घर कधी सलग...”

“थांबा.”

ते थांबले. मागच्या खोलीतला पंखा ऐकू यायला लागला.

मागची खोली नवऱ्याची. वर्षापूर्वी त्याने नोकरी सोडली आणि घरीच इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायला घेतल्या. हात चांगला, त्यामुळे गिऱ्हाईकही चांगलं. लोखंडी मांडणीवर आठ-दहा बॅटऱ्या कायम असतात; जुने सेल काढून नवे घातले की त्या चार्ज करून, रिकाम्या करून, पुन्हा चार्ज करून बघाव्या लागतात. लाल दिवे, हिरवे दिवे. मांडणी ज्या भिंतीला टेकलीय तिच्या पलीकडच्या बाजूला ठकीचा पाळणा आहे. ठकी आमची मुलगी, दीड वर्षाची. आत्ताही ती तिथेच झोपली होती. गेल्या आठवड्यात एक बॅटरी उशीसारखी फुगली, तेव्हा नवऱ्याने ती शांतपणे उचलून अंगणातल्या वाळूच्या बादलीत ठेवली आणि म्हणाला, “होतं असं.” त्यानंतर मी रोज रात्री उठून त्या खोलीच्या दाराशी उभी राहते आणि वास घेते. कसला, ते मला माहीत नाही. काहीतरी वेगळा आला तर कळेल, एवढंच.

“घरात व्यवसाय नाही, असं लिहिलंत?” मी विचारलं.

“वहिनी, दुकानाची पाटी आहे का बाहेर? नाही. मग?”

“मी त्या दुसऱ्या कंपनीच्या बाईंना सगळं सांगितलं होतं.”

“म्हणून तर त्यांनी आकडा फुगवला!” भावजींनी मांडीवर थाप मारली. “झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही आपली उघडून दाखवलीत.”

“आणि कधी खरंच उघडायची वेळ आली तर? आग लागली तर तुमच्या कंपनीचा माणूस येऊन बघतोच ना?”

“येतो.”

“काय बघतो?”

“काय जळलं ते.” भावजींनी चष्मा काढला, पुसला. “आणि... कशानं.”

टॅबवर काहीतरी लाल उमटलं.

“मेला,” भावजी म्हणाले. “ओटीपी मेला. दुसरा पाठवतो.”

माझा फोन हातात थरथरला. मी तो उपडा ठेवला. गेले दोन दिवस मी स्वतःला विचारत होते की यातलं कोणतं कोटेशन वाजवी आणि कोणतं लबाड. प्रश्नच चुकत होता. दोन्ही आकडे बरोबर होते. फक्त ते दोन वेगळ्या घरांचे होते. भावजींचा आकडा अशा एका घराचा होता जिथे मागची खोली रिकामी आहे, फार तर एक सुटकेस आणि इस्त्रीचं टेबल. त्या घरात राहायला मला आवडलं असतं.

“भावजी, तुमचं कोटेशन वाईट नाहीये,” मी म्हटलं. “पण ते आमच्या घराचं नाहीये.”

नवरा उठला. “म्हणजे मी काम बंद करू? सरळ बोल ना. दुकान भाड्याने घ्यायचं तर आहे नाही ते सगळं त्यात जाईल. त्या कंपनीचा हप्ता भरायचा तर महिन्याची कमाई गेली. कुठे कोणाची बॅटरी पेटलीय? माझ्या हातची एक तरी?”

“मी बंद कर म्हटलं का?”

“तुझं तोंड म्हणतंय.”

“दादा, हळू,” भावजी म्हणाले. “पोर उठेल.”

आणि तेव्हा मला ते सुचलं. मला खरंच वाटलं की वाट सापडली. आवाजात आनंदसुद्धा आला असणार.

“भावजी, तुमचं गॅरेज रिकामंच आहे ना? गाडी तर तुम्ही रस्त्यावर लावता. ही मांडणी तिकडे हलवू. हा रोज तिथे येऊन काम करेल, दहा मिनिटांचा तर रस्ता. म्हणजे तुम्ही लिहिलेलं ‘नाही’ खरं होईल, हप्ता निम्माच राहील, आणि मी हा ओटीपी आत्ता सांगते.”

मी फोन उचललाही.

“आमच्याकडे?” भावजी खुर्चीत एकदम मागे सरकले. “छे छे, वहिनी, भलतंच काय! वरच्या खोलीत पोरं झोपतात.”

बोलून झाल्यावर त्यांना ऐकू आलं ते काय बोलले. माझ्या नवऱ्यालाही ऐकू आलं. तो उभाच होता, एक हात खुर्चीच्या पाठीवर.

“म्हणजे तसं नाही दादा,” भावजी म्हणाले. “दमट आहे तिथे. बॅटऱ्यांना चांगलं नाही. आणि तुझी भावजय तर घर डोक्यावर घेईल.”

“दमट आहे?”

“थोडंसं.”

“मागच्या महिन्यात तू जास्तीच्या गाद्या तिथे ठेवल्यास.”

भावजींनी टॅबची काच बोटाने पुसली. त्या माणसाचा मला राग आला नाही. पोरांबद्दल ते खोटं बोलले नव्हते. आख्ख्या दुपारभरात तेवढंच एक वाक्य ते विचार न करता, बाप म्हणून बोलले होते.

नवरा मागच्या खोलीत गेला. मी त्याच्या मागे जाऊन दारात उभी राहिले. तो एकेक बटण बंद करत होता आणि प्रत्येक बटणाबरोबर एक दिवा विझत होता. मांडणीच्या मधल्या फळीवरच्या बॅटरीवर त्याने तळहात ठेवला, बराच वेळ, ताप बघावा तसा. मग भिंतीवर ठेवला.

“तू रात्री उठून इथे येतेस,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

“येते.”

“मला वाटायचं पाणी प्यायला.”

बोलले असते तर रडले असते, आणि बाहेर भावजी बसले होते.

“त्या कंपनीच्या अटी काय होत्या?”

“चार्जिंग चालू असताना कोणीतरी जागं पाहिजे. धुराचा अलार्म. आणि खोलीत दुसरं काही नको.”

“हप्ता महाग आहे.”

“आहे.”

त्याने मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, वजन उचलण्याआधी माणूस हलवतो तशी. “नंबर लावून दे. मी बोलतो.”

आम्ही बाहेर आलो तेव्हा टॅब पिशवीत गेला होता. “चला, कमिशन बुडालं माझं,” भावजी म्हणाले, पण विनोद अर्ध्यातच बसला. ते गेलेही नाहीत. काय करावं न कळून चहाचे कप गोळा करत राहिले.

नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकला. त्याच बाई होत्या. तेच प्रश्न. छप्पर, कुलपं, आधीचे क्लेम. तो शाळेतल्या मुलासारखा ताठ बसून उत्तरं देत होता. “घरात काही व्यवसाय?” असं आलं तेव्हा त्याने घसा खाकरला. “हो. बॅटऱ्या दुरुस्त करतो. सांगतो सगळं, लिहून घ्या.”

मी तोवर ठकीच्या खोलीत गेले. ती पालथी, तोंड उघडं, एक पाय गजांतून बाहेर. पाय आत घेतला आणि पाळणा दाराकडे ओढायला लागले. उंबऱ्यावर पुढची चाकं अडली. मी जोर लावला. पाळणा कुरकुरला, ठकी हुंकारली. समोरून कोणीतरी तो उचलून धरला. भावजी होते.

“सावकाश,” ते कुजबुजले. “मी धरलंय. तुम्ही ढकला.”

“आणि चार्जिंग ज्या खोलीत होतं,” फोनमधल्या बाई विचारत होत्या, “तिला लागून कोणती खोली आहे?”

नवऱ्याने वर बघितलं. आम्ही दोघं पाळणा धरून उंबऱ्यात अडकलो होतो, अर्धा आत, अर्धा बाहेर.

“एक मिनिट थांबा हं,” तो फोनवर म्हणाला. “रिकामी होतेय.” आणि फोन तसाच टेबलावर ठेवून तिसरी बाजू धरायला आला.