दौलतरावांची दुरुस्ती

दौलतरावांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा धड चालली, असं विठ्ठलवाडीच्या त्या घरात कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या हातून गेलेला मिक्सर दाबून धरल्याशिवाय फिरत नसे, आणि इस्त्री तर त्यांच्या बायकोने, विमलाबाईंनी, त्यांच्यापासून लपवूनच ठेवली होती. त्यामुळे मोडलेली मोटरसायकल बघून सासरे "मी करतो" म्हणाले, तेव्हा रसिकाला गाडीची आणखीच काळजी वाटू लागली.

मोटरसायकल संदेशची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. तो ट्रेनिंगसाठी नाशिकला गेलेला. गाडीला तो इतका जपायचा की दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. रसिका साताऱ्याला माहेरी भावाची बाइक बिनधास्त पळवायची. लग्नानंतर मात्र घोडबंदर रोडच्या ऑफिसला बस आणि शेअर रिक्षाने धक्के खात जायची. त्या सकाळी तिने सरळ किल्ली उचलली. माजिवड्याला एका रिक्षाने कट मारला आणि गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. रसिकाच्या कोपराला खरचटण्यावर निभावलं. पण टाकीशेजारचं काळं फायबर उभं चिरलं होतं आणि ते आत अडकवायचा कान तुटून रस्त्यातच कुठेतरी गेला होता. गॅरेजवाला म्हणाला, नवीनच टाकावं लागेल, आणि या मॉडेलचा पार्ट कधी येईल ते सांगता येत नाही.

घरी तिने सगळं खरं सांगून टाकलं. बोलणी बसतील अशीच तिची तयारी होती. विमलाबाईंनी आधी तिचं कोपर पाहिलं; दौलतराव स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेले.

पहिल्या प्रयत्नात त्यांनी झटकन चिकटणारा गम वापरला. फायबर चिकटलं नाही, पण त्यांचा अंगठा फायबरला चिकटला. लग्न झाल्यापासून रसिका सासऱ्यांसमोर जपूनच वागायची, पण हातात ते धूड घेऊन गॅलरीत उभे असलेले बाबा बघून तिला हसू आवरेना. शेवटी नेलपॉलिश काढायचं पाणी आणून तिने तो अंगठा हळूहळू सोडवला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की जिथे ते पाणी सांडलं तिथलं प्लास्टिक मऊ, चिकट झालंय.

"बाबा, हे विरघळतंय," ती म्हणाली.

मोबाइलवर शोधलं तर उलगडा झाला. त्याच जातीच्या प्लास्टिकचा कीस या पाण्यात विरघळवला की दाट लगदा होतो, आणि तो चिरेत भरला की सुकून एकजीव होतो. आता त्या जातीचं प्लास्टिक हवं. दौलतराव कापसाचा बोळा भिजवून घरभर हिंडू लागले. बादलीला लावला, काही झालं नाही. डब्याच्या झाकणाला लावायला गेले तेव्हा विमलाबाईंनी त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. मग स्वतःच शोकेसमधला जुना काळा टेलिफोन घेऊन आल्या. कित्येक वर्षं बंद पडलेला, पण त्यावरचं विणलेलं कव्हर त्या अजून धुऊन घालायच्या. देवरुखच्या बहिणीचे फोन त्याच्यावर यायचे. बोळा लावताच टेलिफोन विरघळू लागला.

"आई, राहू दे. दुसरं काहीतरी बघू," रसिका म्हणाली.

"घे गं. ताई आता व्हिडिओ कॉल करते. आणि कव्हर माझ्याकडे आहेच की."

दोन संध्याकाळी सासरे-सून गॅलरीत बसले. चीर पुढे पळू नये म्हणून तिच्या टोकाला गरम दाभणाने भोक पाडलं. बाबांनी टेलिफोनचा तळ कानशीने घासून कीस पाडला, रसिकाने लगदा कालवून भरला. मागून गाळणीची जाळी बसवली. मोडलेल्या कानाच्या जागी टेलिफोनचाच एक तुकडा कापून चिकटवला. बाबांना घाई व्हायची, ती म्हणायची, सुकू द्या. ती फार घासू लागली की ते म्हणायचे, बास आता. शेवटी पॉलिशपेपर मारून काळा स्प्रे दिला.

संदेश आला आणि जिना चढायच्या आधीच, खाली लावलेली गाडी बघून, त्याला कळलं. वर येऊन त्याने विचारायच्या आत दौलतराव म्हणाले, "पुसताना माझ्या हातून पडली रे."

"नाही," रसिका म्हणाली. "मी नेली होती. माजिवड्याला पडले."

संदेश खाली गेला, ती मागोमाग गेली. त्याने फायबरवरून बोट फिरवलं, दाबून पाहिलं. हललं नाही.

"तुला कुठे लागलं?" त्याने विचारलं. तिने कोपर दाखवलं. ते बघून झाल्यावर मग तो म्हणाला, "आणि हे बाबांनी केलंय? खरंच?"

"दोघांनी."

"परत नेशील तेव्हा सांगून ने," तो म्हणाला. एवढ्यावर भागलं.

रविवारी सकाळी दौलतराव पॅन्ट-शर्ट घालून, संदेशचं हेल्मेट हातात घेऊन तयार. जोड धरतोय का, ते चालत्या गाडीवर बघायला हवं म्हणाले. रसिकाने गाडी काढली, ते मागे बसले. प्रत्येक खड्ड्याला ते वाकून उजवीकडे बघत होते. दुर्गाडीच्या खाडीपुलापर्यंत जोड जागचा हलला नाही. रसिकाने वेग कमी करून विचारलं, वळवू का?

"अजून थोडं पुढे जाऊ या," बाबा म्हणाले. "एवढ्यात काय कळणार?"