वेगबाबांनी जागं केलेलं कार्ड

संगणकाच्या पडद्यावरचा वेगाचा आकडा तिपटीने चढला आणि खोलीतली माणसं उठून उभी राहिली. कोणी हात जोडले, कोणी मोबाईल उंच धरला. बाजाराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत विद्यार्थी होते, व्हिडिओ एडिट करणारे होते, जाहिराती बनवणारे होते. प्रत्येकाच्या मांडीवर संगणकात चित्रं उमटवणारं आपापलं ग्राफिक्स कार्ड, आजारी लेकरासारखं टॉवेलात गुंडाळलेलं.

"यंत्रात काही कमी नसतं," वेगबाबा सांगत होते. "कमी असतो तुमचा भाव. हे कार्ड झोपलं होतं. मी फक्त त्याच्या कानात त्याचं खरं नाव सांगितलं."

मागच्या रांगेत शिवणकाम करणारी एक बाई आणि तिची लेक बसली होती. लेक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिला हे निव्वळ थोतांड वाटत होतं, तरी ती आली होती, कारण नाहीतर आई एकटीच निघाली होती.

आईच्या हातातलं कार्ड तिच्या धाकट्या मुलाचं होतं. साध्या तापाचं निमित्त होऊन तो हिवाळ्यात गेला. मागे एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म राहिली, आणि तिचंही शेवटचं दृश्य अपुरं. त्यात एक बाई मशीनवर शिवत असते, आणि सुईखालून निघालेलं कापड खोली भरून, खिडकीतून उतरून रस्ताभर पसरत जातं. त्या कापडाची चुणी न् चुणी संगणकाला मोजावी लागे. कार्डाची मेमरी पुरत नसे, काम अर्ध्यात बंद पडे.

"ते तेवढं पुरं झालेलं बघायचंय मला," आई म्हणायची. दुसरं काही मागायची नाही.

वेगबाबांनी कार्ड हातात घेतलं. कवचावर धाकट्याने चिकटवलेली निळी मासोळी होती. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ज्याचं आहे, तो आता नाही ना?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारपणाकडे झुकलेली बाई मुलाचं कार्ड छातीशी धरून बसली असेल, तर एवढं ओळखायला अंतर्ज्ञान लागत नाही. पण दुःखात हे कोणाला सुचतं?

"मावशी, तो गेलेला नाही. यातच अडकलाय. मोकळा करतो."

कार्ड कोपऱ्यातल्या कापडी पडद्याआड गेलं. त्याला म्हणे अंधार आणि मौन लागतं. बराच वेळ बाबांचं गुणगुणणं ऐकू येत राहिलं. मग ते बाहेर आले आणि त्यांनी कार्ड संगणकात बसवलं. माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये एका महागड्या कार्डाचं नाव उमटलं. मेमरी दुप्पट, वेग तिप्पट.

"महिनाभर जड काम देऊ नका. शक्ती मुरू द्या."

हे खोटं आहे, असं लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आई हसत होती, धाकटा गेल्यापासून पहिल्यांदाच. लेकीने कार्ड पुन्हा टॉवेलात गुंडाळलं.

तो महिना आई संगणकाशेजारी बसून काज-बटणं करायची आणि हळू आवाजात बोलायची. कोणाशी, ते लेकीने विचारलं नाही. महिना सरल्यावर फिल्म सुरू केली, तर संगणकाचा पडदा काळा. पूर्वी निदान अर्धं काम तरी व्हायचं. आता पहिलं चित्रसुद्धा उमटेना.

"माझीच श्रद्धा कमी पडली," आई म्हणाली.

हे मात्र लेकीला सोसवलं नाही. तिने पेचकस घेतला आणि कार्डाचं कवच उघडलं. आतल्या चिपवर कोरलेला क्रमांक इंटरनेटवर शोधून पाहिला. तो होता बाजारातल्या सगळ्यात स्वस्त कार्डांपैकी एकाचा. धाकट्याने घेतलेलं कार्ड याहून बरंच भारी होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजातलं एक जुनं कार्ड मागून घेतलं. ते उघडून, चिपा बसवलेल्या आतल्या हिरव्या पाटीच्या कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, पुन्हा बंद केलं आणि आईला घेऊन बाजार गाठला.

सगळं तसंच झालं. पडदा, मौन, गुणगुणणं, तिप्पट आकडा. लोक उठून उभे राहिले तेव्हा तीही उठली.

"बाबा, हेच माझं कार्ड ना?"

"बाळ, कवच ओळखत नाहीस?"

"कवच ओळखते. आतलं बघू."

"शंकेने शक्ती विझते," बाबा घाईने म्हणाले. तोवर तिने कार्ड संगणकातून काढून पेचही उघडले होते. हिरव्या पाटीवर ठिपका नव्हता. ती पडद्याआड गेली आणि टेबलाच्या खणातून ठिपक्याची पाटी घेऊन आली. ती तिने पुढच्या रांगेतल्या मुलाच्या हातात दिली.

"कवच तुमचं, आतला माल बदललेला," ती शांतपणे म्हणाली. "आणि आकडा? कार्डात एक छोटी चिप असते, तिच्यात कार्डाची ओळख लिहिलेली असते. ती पुसून दुसरी लिहिता येते. प्रोग्राम तीच ओळख वाचतो आणि त्या नावापुढची माहिती दाखवतो. वेगाचा आकडा तर नुसता गुणाकार आहे: कार्डात गणित करणारे भाग किती, त्याच्या घड्याळाचे सेकंदाला ठोके किती, आणि दर ठोक्याला गणितं किती. प्रत्यक्षात कोणी काही मोजलेलंच नसतं. दारावर डॉक्टरची पाटी लावली म्हणून आतला माणूस ऑपरेशन करू शकत नाही. कार्ड जोखायचं तर त्याला काम द्या. बाबा नेमकं तेच महिनाभर करू देत नाहीत."

खोलीत कुजबुज वाढली. टॉवेल सुटू लागले. बाबा दाराकडे सरकले, पण दारात आई उभी होती.

"माझ्या मुलाचं कुठंय?" तिने विचारलं.

बाबांची नजर खाली गेली. आवाजही आता साध्या दुकानदाराचा झाला. "विकलं, मावशी. कोणाला ते आठवत नाही."

लोकांनी पोलिसांना बोलावलं. मायलेकी जिना उतरल्या. खालच्या पायरीवर आई बसली.

"महिनाभर मी त्याच्याशी बोलत होते गं. आणि तिथे भलत्याच कोणाचं कार्ड होतं."

खोटं पकडल्याचा आनंद लेकीने शोधून पाहिला, सापडला नाही. ती आईशेजारी बसून राहिली.

सुट्टीत लेकीने फिल्मची फाइल कॉलेजात नेली आणि तिथल्या साध्या संगणकांवर, एकेक चित्र करत, ते दृश्य रडतखडत पुरं झालं. कापड खिडकीतून उतरलं, रस्ताभर पसरलं. मशीनवरचे हात हुबेहूब आईचे होते. चेहरा मात्र करडा, सपाट. तो काढायचा धाकट्याकडून राहून गेला होता. आईने ते दृश्य पुन्हा लावायला सांगितलं.

जे त्याने काढलंच नव्हतं, ते कुठलंही कार्ड दाखवू शकलं नसतं, आणि कुठलाही बाबाही नाही. मोठ्या आकड्यापुढे हात जोडण्याआधी तो कोणी लिहिला, हे विचारा. आणि घरात कोणी दुःखाने खचलं असेल, तर त्याला अशा रांगेत एकटं जाऊ देऊ नका. त्याच्याजवळ बसा, आणि खरं तेच सांगा, हलक्या आवाजात.