बारीक शब्दांचा सांधेवाला

खंडाळ्याच्या खाली, जेथे लोहमार्ग डोंगराला बिलगून कोकणाकडे उतरू लागतो, तेथे एक लहानशी चौकी होती, आणि त्या चौकीवर इंदुरी गावचा बजरंग नऊ वर्षे सांधेवाल्याची चाकरी करीत होता. त्या चाकरीचा नियम मोठा विलक्षण होता. घाट उतरणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी सांधा, म्हणजे रूळ बदलण्याची जोडणी, सदैव आडमार्गाकडे लावून ठेवावयाचा. हा आडमार्ग डोंगरावर चढत जाई आणि एकाएकी संपे; ज्या गाडीचा ब्रेक हातचा गेला असेल, तिने त्या चढावर दमून उभे राहावे, एवढ्यासाठीच तो बांधलेला. गाडी चौकीपुढे येऊन पुरती थांबली आणि ड्रायव्हरने ठरलेली शिटी दिली, म्हणजे मगच सांधा फिरवून तिला खरी वाट द्यावयाची. थांबली नाही तर वाट नाही, मग आत लाटसाहेब का बसलेले असेनात.

ड्रायव्हर मंडळी या थांबण्याला विटून गेली होती. "आरं बजरंगा, ब्रेक ठणठणीत हाय, सोड की!" असे ते लांबूनच ओरडत. बजरंग झेंडी हाती धरून म्हणे, "आदी उबं ऱ्हावा, मंग बोला."

सन १९२४ च्या थंडीत लोणावळ्याच्या सिग्नल-केबिनमध्ये एक जागा रिकामी झाली. केबिनच्या माणसास स्टेशनामागे दोन खोल्या मिळत. चौकीवर बायकामाणसास राहण्याची परवानगी नव्हती. त्यामुळे बजरंगाची पत्नी झुंबरबाई लग्न झाल्यापासून इंदुरीस सासूजवळ राहत होती, आणि आठ वर्षांच्या संसारात उभयतांचे एकत्र दिवस मोजू गेल्यास एक वर्षही भरले नसते. ही जागा मिळाली तर दोघांना एका चुलीपाशी बसता येणार होते. परंतु शेजारच्या स्टेशनावरून टेलिफोनने येणारा इंग्रजी निरोप लिहून घेणे आणि त्याबरहुकूम काम करणे, हे त्या जागेस आवश्यक होते. माघाच्या अखेरीस परीक्षा ठरली.

बजरंग मराठी तिसरी शिकलेला. इंग्रजी अक्षरे त्याने मालाच्या वाघिणींच्या, म्हणजे डब्यांच्या, अंगावर वाचून वाचून आपलीशी केली होती. इंजिन, सिग्नल, ब्रेक, गार्ड असले मोठे शब्द त्यास ओळखीच्या माणसांसारखे भेटत. त्याला छळले ते बारीक शब्दांनी. इन, ऑन, ॲट, बाय! दोन-दोन अक्षरांचे हे जीव, पण कोठे बसतील आणि का बसतील याचा काही ठाव लागेना.

तेव्हा तो फकरुद्दीनभाईंना शरण गेला. हे गृहस्थ लोणावळ्याच्या बाजारात नानकटाईचे दुकान चालवीत. पूर्वी बावीस वर्षे ते एका साहेबाच्या बंगल्यात खानसामा होते. त्यांना इंग्रजीचे एक अक्षर वाचता येत नसे, पण बोलणे अस्खलित होते. त्यांनी बिस्किटांचा रिकामा डबा पुढे ओढला आणि त्यावर एक सुपारी ठेवली.

"ही ऑन." मग आत टाकली. "ही इन." मग डब्याखाली सारली. "ही अंडर." मग डब्याला टेकवून ठेवली. "आणि ही ॲट... नाही, नाही, ही निअर. ॲट म्हणजे आपलं तिथंच."

"तितंच म्हंजी कुटं, भाई?"

"तिथंच म्हणजे तिथंच. पुढं चल."

आठवडाभर बजरंगाने चौकीतील प्रत्येक वस्तू ऑन, इन आणि अंडर करून पाहिली. कंदील पेटीत ठेवला, पेटीवर ठेवला, पेटीखालीही सारून पाहिला. विद्या हाती आली असे वाटून तो हर्षभराने पुन्हा दुकानी गेला.

"भाई, सोमवारी येतो, ह्ये कसं म्हनायचं?"

"ऑन मंडे."

बजरंगाने सुपारी उचलून डब्यावर ठेवली आणि तिच्याकडे टक लावून पाहिले. "म्हंजी सोमवारावर बसून येयाचं?"

"बस हवं तर."

"आन् सकाळच्याला?"

"इन द मॉर्निंग."

"बरं, सकाळच्या आत. आन् रातच्याला?"

"ॲट नाइट."

"रातीच्या आत का न्हाई? आंदार तर आतच आसतो!"

"बजरंगा, बावीस वर्षं मी साहेबाला ॲट नाइट सूप दिलं. रात्रीच्या आत का बाहेर, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. सूप गरम असलं की झालं."

"बरं, मानूस गाडीत बसलाय, ह्ये तरी इन आसल?"

"ऑन द ट्रेन."

"टपावर?" बजरंग ओरडला. "आवो, बोगद्यात डोस्कं जाईल की त्याचं!"

दुकानाच्या पायरीवर लोणावळा यार्डातील सांधेवाला महिपती नानकटाई खात बसला होता. तोही त्याच जागेचा उमेदवार, आणि त्याचे इंग्रजी उतारावर सुटलेल्या डब्याप्रमाणे धावत असे. तो खदखदा हसून म्हणाला, "काय सुपारीमास्तर, परीक्षेला डबा घेऊन येनार का?"

त्या दिवसापासून बजरंगाने एक वही केली. जो बारीक शब्द ज्या मोठ्या शब्दाजवळ ऐकू येई तो तेथे लिहावा, आणि ज्याचा अर्थ पक्का नाही त्याच्या पुढे तांबड्या पेन्सिलीने रेघ मारावी, अशी त्याने शिस्त ठेवली. पाहता पाहता वही तांबडी होऊन गेली.

परीक्षेपूर्वी दोन दिवसांची रजा घेऊन तो तळेगावापर्यंत गाडीने व पुढे पायी इंदुरीस गेला. झुंबरबाई ओसरीवर हुलगे निवडीत बसली होती. तिच्यापुढे वही टाकून तो म्हणाला, "लय वंगाळ भाषा. एका शब्दाला धड एक जागा न्हाई. आता काय त्या दोन खोल्या मिळत न्हाईत आपल्याला."

सर्व हकीकत ऐकून घेतल्यावर तिने सूप खाली ठेवले. "आवो, आपलं तरी कुटं धड हाय? तुमी कामावर जाता. कामात का न्हाई जात?"

"कामावर म्हंजी..." बजरंग अडखळला.

"मी धुनं घिऊन नदीवर जाते. पान्यावर चालते काय मी? शेतात जाते, बाजाराला जाते, आन् घरी येते. ह्ये कुनी शिकिवलं मला?"

"कुनी न्हाई."

"मंग? ह्या सोयरिकी हायेत, सोयरिकी. इंदुरीच्या लेकी आंबीला का देत्यात, आन् दुसऱ्या गावाला का न्हाई, ह्येचं कारन ठावं हाय का कुनाला? कोन कुनाचं, त्ये जाऊन-येऊन कळतं. आन् न्हाई कळलं तर इचारायचं. लाजायचं कशापाई?"

जन्मभर आपण ज्या भाषेत बोललो तिच्यातही हेच कोडे असावे आणि ते आपल्या कधी दृष्टीस पडू नये, याचे बजरंगास परम आश्चर्य वाटले. परत जाताना वाटेत त्याने देवळात, देवाला, देवापाशी असे स्वतःशीच पुटपुटत दोन कोस केव्हा तोडले, हे त्यालाही कळले नाही.

परीक्षेच्या दिवशी स्टेशनाच्या खोलीत तपासनीस साहेब बसले होते. त्यांस मराठी चांगले समजे. पलीकडच्या खोलीतून एका बाबूने टेलिफोनवर निरोप सांगितला: खडीने भरलेल्या वाघिणीविषयी, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगविषयी, आणि एका ठरलेल्या वेळेविषयी. महिपतीने तो झरझर लिहिला आणि न अडखळता वाचूनही दाखविला. बजरंगाने घाम पुशीत कसाबसा लिहिला.

साहेबांनी महिपतीस विचारले, "या निरोपावर तू खाली उतरणारी मालगाडी सोडशील?"

"यस सर!" महिपती म्हणाला.

"आणि तू?"

बजरंगाने आपल्या कागदाकडे पाहिले. कागदावर तीन ठिकाणी तांबड्या रेघा होत्या. होय म्हणावे तर जागा मिळेलसे दिसत होते, आणि डोळ्यांपुढे ओसरीवरचे सूप येत होते. परंतु नऊ वर्षांची सवय त्याच्या हातात मुरली होती, आणि तीच बोलून गेली.

"नो सर. आय स्टॉप."

महिपती फिसकन हसला. साहेबांनी कारण विचारले, तेव्हा बजरंग मराठीतच सांगू लागला. "साहेब, वाघीण कळली, खडी कळली, गँग कळली. पर तीन बारीक शब्द पक्के न्हाईत. वाघीण रुळावर हाय का रुळाकडंला, गँग त्या येळेपातुर काम करनार का त्या येळेला येनार, ह्ये मला अदमासानं सांगता येतं. पर गाडी अदमासानं सोडता येत न्हाई. म्या त्या बाबूला परत इचारीन. तवर सांधा आडमार्गाला."

"ड्रायव्हर शिव्या देईल."

"त्यो रोजच देतो, साहेब."

"तिकडचा बाबू चिडेल."

"चिडू द्या. चिडला म्हंजी त्यो जागा हाय, यवढं तर कळंल."

साहेबांनी हात पुढे करून त्याची वही मागितली आणि तांबड्या रेघांची पाने सावकाश उलटली. मग महिपतीकडे वळून, वाघीण नक्की कोठे उभी आहे, असा प्रश्न केला. महिपतीपाशी एक उत्तर तयार होते. आणि साहेबांच्या भुवया वर चढताच दुसरेही तयार झाले.

"तुझे इंग्रजी फार वाईट आहे," साहेब बजरंगास म्हणाले.

"व्हय, साहेब."

एवढेच बोलणे झाले. पंधरा दिवस बजरंग चौकीवर आशा सोडून राहिला. सोळाव्या दिवशी कागद आला. प्रथम सहा महिन्यांपुरती जागा दिली होती, आणि खाली अट होती की, निरोपाचा अर्थ पुरता उमगेपर्यंत या माणसाने तो पुन्हा विचारावा व शेजारच्या स्टेशनाने उत्तर देण्यास कंटाळू नये.

चैत्रात झुंबरबाई पाटा-वरवंटा घेऊन लोणावळ्यास आली. सासूची काळजी धाकट्या जावेने आनंदाने पत्करली. शेजारच्या स्टेशनाचा बाबू मात्र पहिल्या आठवड्यातच कंटाळला, ही गोष्ट निराळी.

एके दिवशी काम आटोपून बजरंग परत निघाला असता फकरुद्दीनभाईंनी दुकानातून हाक मारली. "कुठं चाललास? इंग्रजीत सांग!"

"आय गो टू होम."

"टू नको."

"इन होम?"

"अंहं."

"मंग ॲट आसल."

"अरे, काहीच नको. आय गो होम. बस."

बजरंग रस्त्यातच उभा राहिला. "स्टेशनाला टू लागतो, बाजाराला लागतो, मुंबईला लागतो, आन् होमला न्हाई? आसं का, भाई?"

"मला काय ठाऊक? आमचा साहेब असंच म्हणायचा. म्हणायचा आणि खिडकीतून बाहेर बघत बसायचा."

घरी येऊन बजरंगाने हा चमत्कार पत्नीस सांगितला. ती तव्यावरची भाकरी उलटीत म्हणाली, "त्यात काय नवाल? घरी येयाला शिटी कशाला पायजे?"

बजरंगाने वही उघडली, होम हा शब्द लिहिला आणि त्याच्या आधीची जागा कोरी ठेवली. त्यापुढे तांबडी रेघ मारावी किंवा न मारावी, हे काही केल्या ठरेना. पेन्सिल हातात धरून तो बसला तो बसलाच.

"आवो, भाकर निवती," झुंबरबाई म्हणाली.

तेव्हा, हे उद्या कोणास तरी विचारू, असे मनाशी ठरवून तो हात धुवावयास उठला.