अकरा दिवसांच्या दोन याद्या

आईचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात एका संगणकाच्या पोटात हात घालून बसले होते. आई म्हणाली, "अर्धी सुट्टी नको, पूर्णच टाक आणि ये. थोरलीने खोली बघितलीय. पाच वाजेपर्यंत तिला हो की नाही ते कळवायचंय."

कसली खोली, म्हणून विचारलं. भाड्याची, दोन गल्ल्या पलीकडे, कामाला बसायला. आणि आज कामाला म्हणून गेलेला माणूस उद्या गादी नेतो आणि परवा भांडी, एवढंही मला कळत नसेल तर माझ्या शिक्षणाला काय चाटायचंय, असं म्हणून आईने फोन ठेवला.

आमच्या घरात वरच्या मजल्यावर दादा आणि थोरली वहिनी, खाली आई, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. मी मधली. वेगळी राहते, पण घरातली बटण असलेली एकूण एक वस्तू माझ्या गळ्यात. घड्याळ मागे पडलं तरी मला फोन येतो. मी चिडते, बोलून घेते आणि जाते.

थोरली आजारपणात वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवते. पूर्वी दवाखान्यात जायची, आता घरूनच व्हिडिओवर तास घेते. धाकटी एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. दोघींचं असं मेतकूट जमलं होतं की मला हेवा वाटायचा. माझ्या दोन भावांनी जन्मात एकमेकांशी जेवढं बोलले नसतील तेवढं या दोघी कपडे वाळत घालताना करायच्या. मग धाकटीच्या ऑफिसची इमारत दुरुस्तीला काढली आणि ती लॅपटॉप घेऊन घरी बसायला लागली. त्याला अकरा दिवस झाले होते, आणि त्यातले सात दिवस दोघींमध्ये अबोला होता.

मी पोचले तेव्हा आई जिन्यात मधल्या पायरीवर बसून गुडघे चोळत होती. वरच्याने खालच्याला काय सांगायचं ते तिच्यामार्फत जात होतं, आणि खालच्याचं उत्तर घेऊन पुन्हा वर. नुकताच तिने "गच्चीवरचे कपडे काढ" हा निरोप खाली नेला होता आणि "काढलेत, सकाळीच" हा वर घेऊन चालली होती. मला बघून म्हणाली, हे असंच चाललं तर थोरलीच्या आधी मीच खोली बघते.

थोरलीने मला बसायलाही सांगितलं नाही. टेबलाच्या खणातून एक वही काढून पुढे ठेवली. तारीख, वेळ, शेरा. मंगळवार, दहा वाजून बारा, बंद. बुधवार, अकरा पाच, बंद. अकरा दिवसांत सव्वीस नोंदी, तिच्या त्या रेखीव अक्षरात. प्रत्येकीपुढे लिहिलेलं: खाली सुरू झालं.

"मी तास घ्यायला बसले की ती खाली लॅपटॉप उघडते आणि माझं नेट जातं," ती म्हणाली. "एकदा झालं तर योगायोग म्हणेन. सव्वीस वेळा?"

तिच्याकडे बोलायला शिकणारे एक बसड्रायव्हर होते, निवृत्त झालेले, अर्धांगाच्या झटक्यानंतर वाचा गेलेली. सोमवारी त्यांनी मुलीचं नाव उच्चारायला घेतलं. एका नावाला तीन मिनिटं. पहिलं अक्षर आलं, दुसरं ओठांवर होतं, आणि पडदा गोठला. पुन्हा जोडणी होईपर्यंत त्यांनी तोंड फिरवलं होतं, आणि त्या दिवशी मग काही केल्या बोलले नाहीत. हे सांगताना थोरलीचा आवाज हलला. तिला राग आला असेल असं मी येतानाच धरून चालले होते, पण तिला राग कमी आणि दुःख जास्त झालं होतं. ते रागापेक्षा वाईट.

मी खाली गेले, धाकटीची हजेरी घ्यायची असं मनाशी ठरवूनच. मी तोंड उघडायच्या आत तिने फोन पुढे केला. तिच्याकडेही यादी होती. मंगळवार, दहा बारा, वरून सुरू झालं, माझं बंद. बुधवार, अकरा पाच. मोठ्या फाइली ऑफिसला पाठवताना मध्येच तुटायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. वर बसलेल्यांना आपण घरी बसलेलो खपत नाही, एवढा अर्थ तिने त्यातून काढला होता. "ताई, मला त्यांच्याबद्दल असं वाटणंसुद्धा आवडत नाही," ती म्हणाली आणि नाक पुसलं.

दोन्ही याद्या मी जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवल्या. मिनिटाला मिनिट जुळत होत्या. दोघींपैकी एक खोटं बोलत असती तर माझं काम सोपं होतं. इथे दोघी खरं बोलत होत्या.

आता माझ्या स्वभावाचं सांगायला हवं. यंत्र बिघडलं की मला आधी दुसऱ्याची चूक दिसते. मी घरभर नेट वाटणाऱ्या राउटरला नावं ठेवली, जाड भिंतींना ठेवली, नेट देणाऱ्या कंपनीला तर फोन लावून त्या बिचाऱ्या मुलीला दहा मिनिटं फैलावर घेतलं. लॅपटॉपांवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारण ते मी तयार केलेले होते. वाचनालयाने काढून टाकलेले दोन, एकाच जातीचे. गेल्या वर्षी त्यांच्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घालून दोघींना दिले होते. माझ्या हातच्या कामात चूक निघत नाही, असं मी चारचौघांत म्हणतही असे.

थोरलीच्या लॅपटॉपवर टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून यंत्राने स्वतः ठेवलेल्या नोंदी वाचल्या. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो. तो कायमचा नसतो, आमच्याकडे तासाभराच्या बोलीवर होता. अर्धा तास झाला की यंत्राने आपणहून सांगायचं, मी अजून आहे, पत्ता चालू ठेवा. तुटण्याच्या बऱ्याचशा वेळा या नूतनीकरणाच्या आसपास होत्या. सापडलं, म्हटलं. तासाची मुदत वाढवून एक दिवसाची केली आणि आईला चहा टाकायला सांगितला.

दीड वाजेपर्यंत काही तुटलं नाही. पावणेदोनला मी आईला फुशारकीने सांगत होते की माणसं उगीच एकमेकांना पाण्यात बघतात, दोष साध्या आकड्याचा असतो. आईने विचारलं, धाकटी कुठेय. धाकटी बारापासून पोस्टात गेली होती.

दोनला थोरलीचा तास सुरू झाला, त्याच बसड्रायव्हरांचा. दोन वीसला धाकटी परत आली, पाय धुतले, लॅपटॉप उघडला. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. थोरली जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बघितलंस? स्वतःच्या डोळ्यांनी?" आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

धाकटी हात मांडीवर ठेवून बसली होती. मला भीती वाटली, हे सरळ सांगते. राउटर बिघडला तर नवा आणता येतो. ही दोन माणसं तुटली तर मला ती कुठून आणता येणार होती? घड्याळात अडीच वाजले होते.

मी धाकटीचा लॅपटॉप ओढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, कुठलीच गोष्ट गृहीत न धरता. नवशिक्या माणसासारखा प्रत्येक आकडा कागदावर लिहून काढायचा, असं ठरवलं. यंत्राला मिळालेला पत्ता विचारला. शेवटचा आकडा तेवीस. लिहिला. मग वर गेले, दार वाजवलं, थोरलीने दार अर्धंच उघडून लॅपटॉप पुढे केला. पत्ता विचारला. तेवीस.

मी दोनदा वाचलं. एका घरात दोन यंत्रांना एकच पत्ता मिळता कामा नये. राउटर तेवढं तर सांभाळतो. तो यंत्राला ओळखतो आणि ओळखीप्रमाणे पत्ता देतो. मग या दोघांना तो एकच का समजतो? राउटरमधली यादी उघडली. घरातल्या सगळ्या यंत्रांत या दोनांपैकी लॅपटॉप एकच दिसत होता, एका ओळीत. सकाळी हीच ओळ बघून मी समाधानाने पान मिटलं होतं.

आणि मग मला आठवलं आणि माझे कान तापले. पहिला लॅपटॉप, थोरलीचा, मी दोन रविवार खपून तयार केला होता. दुसऱ्यासाठी मला कंटाळा आला होता. पहिल्याची डिस्क जशीच्या तशी दुसऱ्यावर उतरवली होती, वीस मिनिटांत. वाचनालयात चाळीस संगणक आम्ही असेच करतो. तिथे तारा आहेत, आणि पत्ते मी हाताने नेमून देते, म्हणून कधी बिघडलं नाही. पण लिनक्स बसवताना प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक लांबलचक ओळख-क्रमांक मिळतो. बाकीच्या सामानाबरोबर तोही उतरला होता. वर्षभर एक लॅपटॉप घरात आणि एक ऑफिसात, म्हणून राउटरपुढे दोघं एका वेळी कधी उभे राहिले नव्हते.

दोन्ही क्रमांक शेजारी लावून तपासले. बत्तीसच्या बत्तीस अक्षरं तीच.

क्षणभर वाटलं, गुपचूप बदलून टाकावा. दोन मिनिटांचं काम. पण मग अकरा दिवसांचा दोष कुणाच्या तरी माथी राहिलाच असता. मी आईला दोघींना जेवणाच्या टेबलाशी बोलवायला लावलं. हा तिचा त्या दिवसातला शेवटचा निरोप असेल, असं कबूल केलं तेव्हा ती उठली.

दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसल्या. मी उभी राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. म्हटलं, दोन घरांवर एकाच क्रमांकाची पाटी लावली तर पोस्टमन काय करील? जो शेवटी हाक मारील त्याच्या हातात पत्र देईल. एकीने हाक मारली की दुसरीचं बंद. दुसरीने अर्ध्या तासाने पत्ता चालू ठेवा म्हटलं की पहिलीचं बंद. "ती पाटी मी लावली," मी म्हणाले. "कंटाळा केला म्हणून. तुम्हा दोघींचं काहीही चुकलेलं नाही. चूक माझी आहे."

मी माझ्या हातच्या कामाची चूक कबूल करतेय, हे ऐकून आईच आधी खुर्चीत बसली.

धाकटीच्या लॅपटॉपवरचा जुना क्रमांक पुसला, नवा करून घेतला, जुन्या पत्त्यांच्या नोंदी काढून टाकल्या आणि यंत्र बंद करून सुरू केलं. पत्ता विचारला. एकतीस. राउटरच्या यादीत आता दोन ओळी होत्या.

थोरलीने तिथेच, जेवणाच्या टेबलावर, बसड्रायव्हरांना पुन्हा व्हिडिओ फोन लावला. समोरच्या टोकाला धाकटीने एक भला मोठा नकाशा पाठवायला सुरुवात केली. मी दोघींच्या मध्ये बसून एकदा या पडद्याकडे, एकदा त्या पडद्याकडे बघत होते. म्हातारबुवा रागावलेले होते. त्यांनी ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. धाकटीने पाठवणं चालू ठेवून मान वळवली. अडीच मिनिटांनी, एकेक शब्द ओढत, ते म्हणाले, "मघाशी... कुठे... गेलात?"

थोरली पडद्याच्या जवळ सरकून म्हणाली, "इथेच होते." पडदा गोठला नाही. नकाशा पोचला. माझा जीव भांड्यात पडला आणि मी आईच्या पदराला डोळे पुसले, ती ओरडेपर्यंत.

पत्ता नव्याने मागायची वेळ पाहायची होती, म्हणून मी मुदत पुन्हा तासाची केली आणि दोन्ही लॅपटॉप एकदा तोडून नव्याने जोडले. अर्ध्या तासाने दोघांनीही आपापला पत्ता मागितला. एकाला तेवीस मिळाला, दुसऱ्याला एकतीस. साडेचार वाजून गेले होते. थोरलीने वही उघडली, सव्वीस नोंदींवर एक तिरकी रेघ ओढली आणि धाकटीकडे सरकवली. माफी मागताना तिला आडवळण जमत नाही. म्हणाली, "तुझ्याबद्दल असं मनात आणलं, याची मला लाज वाटते."

सगळं इथेच संपलं असतं तर मला चाललं असतं. पण धाकटीने वही हातात घेतली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"जाऊबाई, यातली एक खोडू नका. गुरुवार, चार दहा. ती मी मुद्दाम केली. मला काही काम नव्हतं. तुम्ही वर सुरू केल्याचं कळलं, आणि तुमचं बंद पडावं म्हणून मी उघडला."

आईने माझ्याकडे पाहिलं. यंत्राचा दोष मी काढला होता. हा माझ्या हातातला नव्हता.

थोरलीने वही आपल्याकडे वळवून ती ओळ वाचली आणि विचारलं, "गुरुवारी चार दहाला?"

"हो."

"तेव्हा माझा तास नव्हता," थोरली म्हणाली. "मी नेटवर भाड्याच्या खोल्या बघत होते. एक चांगली होती, उजेडाची, खिडकीबाहेर झाड. तिच्या मालकाचा नंबर घेणार तेवढ्यात बंद पडलं. पुन्हा लागेपर्यंत ती दुसऱ्या कुणी घेतली होती, नाहीतर त्याच दिवशी हो म्हणून बसले असते. मग ही कोंदट मिळाली, हिला हो म्हणायला अकरा दिवसांचा राग असूनही मन होत नव्हतं."

आधी आई हसली. मग थोरली, आणि तिच्या हसण्यात रडणं मिसळलं तेव्हा धाकटी उठून टेबलाला वळसा घालून तिच्याशेजारी जाऊन बसली. पाचला दहा कमी असताना थोरलीने खोलीच्या मालकिणीला फोन लावला. धाकटीच्या हातावर आपला हात तसाच ठेवून तिने सांगितलं की खोली नको, घरातच जागा आहे.