गॅलरीतली टोपी

पाणंद गल्लीत कुणी 'ओ नगरसेवक' अशी हाक मारली की मागे वळून बघायचा तो केरबा. खरं म्हणजे निवडून आली होती त्याची बायको अंबूबाई. पंच्याण्णवच्या निवडणुकीत वॉर्ड बायकांसाठी राखीव पडला म्हणून ती उभी राहिली, एवढंच. नाहीतर केरबाच उभा राहणार होता. प्रचाराच्या पत्रकावर तिचा फोटो सुपारीएवढा आणि केरबाचा परातीएवढा. मतदारांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मत गवळ्यांच्या कट्ट्याला द्यायचं, कट्टा म्हणजे केरबा आणि अंबूबाई म्हणजे केरबाची बायको, असा सरळ मामला होता.

कट्टा गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला. सकाळ-संध्याकाळ गवळी आपापल्या म्हशी तिथे आणून उभ्या करायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायचे. तालमीतून घाम गाळून आलेली पोरं, दुकान उघडायला निघालेले व्यापारी, कागलहून बाजाराला आलेले पावणे, सगळे पेला पुढे करून उभे. फेसाळलेलं निरसं दूध तिथेच उभ्याने प्यायचं, ओठ पुसायचे आणि कामाला लागायचं. केरबाच्या बापाची म्हैस ज्या जागी उभी राहायची त्याच जागी केरबाची उभी राहायची. त्या जागेवर त्याचा एवढा जीव होता की पाहुण्याच्या लग्नालासुद्धा तो धार काढून झाल्यावरच जायचा, आणि अक्षता चुकल्या तर चुकू द्यायचा.

सभागृहातलं अंबूबाईला सुरुवातीला काही उमगत नसे. चौथीपर्यंत शिकली होती, वाचायला यायचं. पण ठरावातलं 'सबब', 'उपरोक्त' आणि 'विषयांकित' तिच्या डोक्यावरून जायचं. पहिल्याच सभेत एका विषयावर तिने बाजूनेही हात वर केला आणि विरोधातही. सगळं सभागृह हसलं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. तेव्हा केरबाने युक्ती काढली. तो वर प्रेक्षक गॅलरीत बसेल. टोपी डोक्यावर असेल तर हात खाली ठेवायचा. टोपी काढली की हात वर करायचा.

यात चोरीछुपी काही नव्हती, सगळ्या शहराला ठाऊक होतं. गॅलरीत असे बरेच नवरे बसायचे. एकजण खोकायचा, एकजण मिशीवरून हात फिरवायचा, आणि खाली त्यांच्या बायका बरोबर हात वर करायच्या. महापौर मतं मोजण्याआधी गॅलरीकडे बघून घेतात असं लोक थट्टेने म्हणायचे. अंबूबाईही हसायची. दोन वर्षं तिने टोपी बघून हात वर केला आणि टोपी बघून खाली घेतला, आणि त्याचं तिला कधी ओझं वाटलं नाही.

ओझं वाटायला लागलं ते सुष्मिता गेल्यापासून.

सुष्मिता म्हणजे शेजारच्या शांतव्वाची सून. शांतव्वा जंगमवाड्याजवळ वाढलेली, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी विधवा बाई. दोन म्हशींच्या जिवावर तिने पोराला वाढवलं, त्याचं लग्न केलं. सून सातव्या महिन्यात होती. गल्लीत कावीळ आली, चार-पाच जणांना झाली आणि उतरली. सुष्मिताची उतरली नाही. दवाखान्यात तिच्या उशाशी रात्रंदिवस शांतव्वा बसलेली, म्हणून तिला जरा विसावा द्यायला दुपारच्या वेळी अंबूबाई जायची. पोरीचे डोळे हळदीसारखे झाले होते. सारखी पाणी मागायची. दवाखान्यातलं पाणी कसलं असेल कुणास ठाऊक, म्हणून अंबूबाई घरून किटली भरून न्यायची आणि चमच्याने पाजायची. आठवडा भरायच्या आत पोरगी गेली, पोटातल्या जिवासकट.

पुढे महिन्याभराने अंबूबाईच्या अर्जावरून पाणीपुरवठ्याचा इंजिनीअर गल्लीत आला. त्याच्या माणसांनी नळाची पाइप उकरली. ती थेट गटारातून गेली होती आणि जागोजागी कुजली होती. कट्ट्यावरचं शेण धुतलं की ते गटारात जायचं, गटार तुंबायचं, आणि वरच्या संडासांचं पाणी त्याच पाइपवर साचून राहायचं. अंबूबाईने वाकून बघितलं आणि तिला आपली किटली आठवली. पाजणारे हात आपलेच होते. त्यानंतर कितीतरी दिवस ती नळाचं पाणी भरताना तोंड फिरवून घ्यायची.

तिच्याच अर्जातून पुढचा ठराव निघाला. नवी पाइप, बंद गटार, वर काँक्रीटचा रस्ता आणि दिवे. त्यालाच प्रशासनाने एक अट जोडली: रस्त्यावर जनावर बांधायचं नाही. दूध विकणाऱ्याने परवाना घ्यायचा, आणि म्हशींसाठी शहराबाहेर उचगावच्या अंगाला जागा मिळेल. बंद गटारात शेण गेलं तर पावसाळ्याआधीच ते तुंबेल, असं इंजिनीअरचं म्हणणं. रस्ता घ्या पण अट काढा म्हणून केरबाने अंबूबाईच्या आघाडीच्या पुढाऱ्यांचे उंबरे झिजवले. अट निघाली नाही. घ्यायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही.

कट्टा पेटला. उचगावच्या माळावर पेला घेऊन कोण येणार? तिथून दूध डेअरीला घालायचं आणि डेअरी देईल तो भाव घ्यायचा, म्हणजे गवळीपण संपलंच. सभेच्या आदल्या दिवशी सगळे गवळी केरबाच्या दारात जमले. त्यांतला सर्वांत म्हातारा पिराजी अंबूबाईला म्हणाला की वैनी, आता सगळं तुझ्या हातात हाय. केरबाने तिला बोलायची वेळच येऊ दिली नाही. टोपी डोक्यावरनं हलणार न्हाय, असं त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. शांतव्वा कोपऱ्यात उभी होती. तीही गवळीणच; तिच्याही म्हशी जाणार होत्या.

माणसं गेल्यावर अंबूबाईने विषय काढून बघितला. दुसरी सुष्मिता झाली तर काय करायचं, असं तिने विचारलं. केरबा म्हणाला की कावीळ पाणीपुरीने होते, आणि आजपर्यंत कट्ट्याचं दूध पिऊन कुणी मेलं नाही. हे तो दुष्टपणाने म्हणाला नाही. त्याला तसं खरंच वाटत होतं, निदान वाटून घ्यायचं होतं. अंबूबाईला त्याची कीव आली आणि रागही आला.

सभेचा दिवस मे महिन्यातला, आणि दुपारी वीज गेलेली. सभागृहात पंखे बंद. गॅलरी गच्च भरली होती. अर्धा कट्टा येऊन बसला होता, मध्ये केरबा, डोक्यावर कडक टोपी. खाली भाषणं सुरू झाली. एकाने कट्टा म्हणजे शहराची शान म्हटलं, दुसऱ्याने शान शेणात लडबडली आहे म्हटलं. आघाडीतच दोन तट पडले. कोण कुठल्या बाजूचं ते कुणालाच सांगता येईना. शेवटी महापौरांनी हात वर करायला सांगितले.

अंबूबाईच्या समोर टेबलावर पाण्याचा ग्लास होता. शिपायाने सकाळीच भरून ठेवलेला, स्वच्छ, तळ दिसेल असा. ती त्या ग्लासाकडेच बघत होती. सुष्मिता पाणी मागताना 'काकू' म्हणायची, तेवढं तिला ऐकू आलं. हात वर गेला. गॅलरीकडे तिने बघितलंच नाही.

ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. वरून आरडाओरडा उसळला तेव्हा तिने मान उचलली. केरबाची टोपी त्याच्या हातात होती आणि तो पंच्याने मान पुसत होता.

उकाड्याने जीव नकोसा झाला असेल, म्हणून काढली असेल, असं तिला वाटलं. नेमकी त्याच वेळी. खरं सांगायचं तर तिला सुटल्याचा आनंदही झाला. आपण काही केलंच नाही, टोपीने केलं, असं सगळे म्हणणार होते.

म्हणालेही तसंच. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की केरबाने ऐन वेळी टोपी काढली. कशी काढली, कशासाठी काढली? रस्त्याच्या ठेकेदाराने पाकीट दिलं म्हणून. ज्याने कट्ट्यावर जन्म काढला त्यानेच कट्टा विकला. अंबूबाईला कुणी एक शब्द बोललं नाही. तिने आपली टोपी बघून हात वर केला, तिचा काय दोष? दुसऱ्या दिवसापासून केरबाच्या म्हशीच्या शेजारी कुणी म्हैस उभी करेना. गिऱ्हाईक पेला घेऊन त्याच्यासमोरून पुढे जायचं. पिराजी, ज्याच्याबरोबर तो रोज तंबाखू मळायचा, त्याच्याकडे पाठ करून बसायला लागला. आणि एका सकाळी कट्ट्यावरच्या विजेच्या खांबाला एक फाटकी, शेणात बुडवलेली टोपी लटकताना दिसली.

केरबा कुणाला काही सांगत नव्हता. घाम पुसत होतो एवढंही म्हणत नव्हता. धार काढायचा, निम्मं दूध घरी परत आणायचा आणि गप्प जेवायचा. अंबूबाई ते परत आलेलं दूध तापवत ठेवायची आणि आपण किती भेकड आहोत ते तिला भांड्यात दिसायचं. आज सांगू, उद्या सांगू करत तिने दिवस घालवले. खांबावरची टोपी बघितली त्या संध्याकाळी मात्र तिला राहवेना.

केरबा घरामागच्या परड्यात म्हशीची पेंड कालवत होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"मी टोपी बघितलीच न्हवती," ती म्हणाली. "तुमी काढायच्या आधीच माझा हात वर गेलता. माझ्या मनानं."

केरबाचे हात पेंडीत फिरत राहिले. "ठावं हाय मला."

"ठावं हाय म्हंजे?"

"तुझा हात वर गेल्याला बघितला. मग टोपी काढली."

"कशापायी?"

"सगळी गॅलरी माझ्याकडं बघायच्या आत काढली," तो खाली बघतच म्हणाला. "पैसं खाल्लं म्हनतील तर म्हनू देत. पर बायकोनं इचारलं न्हाय, असं चारचौघांत म्हटल्यालं मला सोसलं नसतं." मग घमेलं उचलता उचलता त्याने पुटपुटल्यासारखं जोडलं, "आणि तुलाबी कट्ट्यावर कुनी उभं करून घेतलं नसतं."

तो घमेलं घेऊन म्हशीकडे गेला. अंबूबाई तिथेच उभी राहिली. दोन वर्षांत एकच हात तिने स्वतःचा वर केला होता, तोही या माणसाने आपल्या नावावर करून घेतला, म्हणून ती संतापली. आणि त्याच माणसाने, आपलं सगळं बुडत असताना, तिच्या अंगावर येणारा दगड स्वतःच्या अंगावर घेतला, म्हणून तिला रडू फुटलं. दोन्हींतलं खरं कारण कुठलं, हे बहुधा त्यालाही सांगता आलं नसतं. गप्प राहावं तर नवऱ्याची बदनामी. बोलावं तर त्याला जे सोसणार नव्हतं तेच त्याच्या पदरात टाकायचं.

सकाळी कट्टा भरला तेव्हा ती बांबू घेऊन आली. खांबावरची टोपी तिने ढोसून खाली पाडली आणि पायाने गटारात लोटली. सगळे बघायला लागले. केरबा म्हशीखाली बसला होता, कपाळ तिच्या कुशीला टेकवून. चरवीत धारेचा आवाज चालू होता.

"ह्यांनी कुनाचा पैसा खाल्ला न्हाय," अंबूबाई म्हणाली. "हात मी वर केला, कुनाला न इचारता. सुष्मिताला दवाखान्यात पानी मी पाजलं हुतं, आपल्याच नळाचं. पुन्यांदा मला कुनाला पाजायचं न्हाय. शिव्या द्यायच्या त्या मला द्या."

कुणीच शिवी दिली नाही. कट्ट्याच्या शेवटाला शांतव्वा होती. तिने पदराने तोंड दाबलं, आणि धार न काढताच आपल्या दोन्ही म्हशी सोडवून त्यांना घेऊन घराकडे चालू लागली. गवळ्यांनी तिला वाट करून दिली.

पिराजी मात्र केरबाकडे बघत होता. जमलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "केरबा, खरं हाय काय ह्ये? बायकोनं तुला इचारलंबी न्हाय?"

धारेचा आवाज थांबला. केरबाने कपाळ म्हशीच्या कुशीवरून काढलं नाही. अंबूबाईला वाटलं, तो आता नाही म्हणेल. टोपी मीच काढली म्हणेल, आणि सगळे त्याचंच खरं मानतील.

"न्हाय इचारलं," केरबा म्हणाला. "मला काय इचारायचं? नगरसेवक ती हाय."

मग त्याने पुन्हा सडांना हात घातला. कितीतरी वेळ तो ओढत राहिला, पण म्हशीने पान्हा चोरला होता.